मामाचा प्लॉट आणि इंग्लंडची पदवी: खो-खो खेळाडूच्या परदेशी शिक्षणाचं प्रकरण

ही हकिगत मी तिच्या आणि तिच्या घरच्यांच्या परवानगीने लिहितोय. नाव, गाव, विद्यापीठ, बँक सगळं गाळलं आहे. सहावीपासून ती माझ्या हाताखाली खो-खो खेळली, त्यामुळे मी या प्रकरणात बाहेरचा माणूस नाही. काही निर्णय माझ्या सल्ल्याने झाले. त्यातले जे चुकले, ते चुकले म्हणूनच लिहिले आहेत.

पार्श्वभूमी

धाराशिव जिल्ह्यात मुलींच्या खो-खोला मान आहे. इथल्याच सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा आमच्या मैदानावर सकाळी साडेपाचला येणाऱ्या मुलींची संख्या वाढली होती. आमची ही मुलगी त्याच मैदानातली. पळतीला चांगली आणि खांबावर सूर मारण्यात जिल्ह्यात पहिली. दोन वेळा राज्य अजिंक्यपद, एकदा अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळली. बी.कॉम. पूर्ण झालं आणि त्याच वर्षी, २०२१ च्या शेवटी, गुडघ्याचं लिगामेंट गेलं. शस्त्रक्रिया झाली, चालणं-पळणं परत आलं, पण सूर मारण्याची हिंमत परत आली नाही.

घरी पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. वडिलांना ती अण्णा म्हणते. आई घरीच. मामा जिल्हा परिषदेचे शिक्षक, लातूरला राहतात. घरात महिन्याच्या महिन्याला पगार घेणारे तेवढे एकच.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्याला बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीगचा पहिला हंगाम झाला. मी चार मुलींना घेऊन गेलो होतो. सहा संघ, मॅटचं मैदान, दिवे, टीव्हीचे कॅमेरे. आम्ही मातीत खेळलेला खेळ तसा दिसताना डोळ्यांत पाणी आलं. सगळे संघ पुरुषांचे होते. परतीच्या एसटीत ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, मुलींची लीग नाही हे कोणी ठरवलं? खेळाडूंनी तर नाही ठरवलं."

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी तीस वर्षं मुलींना खो द्यायला शिकवलं. लीग कोण काढतं, संघ कोण विकत घेतं, प्रक्षेपणाचे पैसे कुठून येतात, यातलं मला काही माहीत नव्हतं. पुढं मार्च २०२३ मध्ये क्रिकेटची महिला प्रीमियर लीग सुरू झाली. पाच संघांची विक्री ४,६६९.९९ कोटी रुपयांना आणि पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ९५१ कोटींना गेल्याचं पेपरात आलं. तिने ते कात्रण वहीत चिकटवलं. खेळाच्या व्यवसायाचं व्यवस्थापन शिकायचं, हे तिने तोवर पक्कं केलेलं होतं.

अडचण

अडचण नुसती पैशांची असती तर सोपी होती. त्यात तीन गोष्टी गुंतल्या होत्या. एक, घरच्यांना या विषयाचा अर्थच लागत नव्हता. अण्णा विचारायचे, "म्हणजे पीटी मास्तरच ना?" दुसरी, वय तेवीस, आणि भावकीत लग्नाची बोलणी सुरू झालेली. तिसरी, ज्या घराकडे जमीन आहे पण तारण नाही, त्या घराला बँक पंचवीस लाख देणार कशाच्या जोरावर?

समोरचे पर्याय

पहिला पर्याय घरच्यांचा होता, पोलीस भरतीचा. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. तिची प्रमाणपत्रं विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयातून पडताळून घेता आली असती. तिच्या दोन मैत्रिणी याच वाटेने वर्दीत गेल्या आणि सुखात आहेत. गुडघा मैदानी चाचणीला टिकेल का, एवढीच शंका होती. हा पर्याय हलका नव्हता आणि आजही मी तो हलका मानत नाही.

दुसरा पर्याय देशातच शिकण्याचा. पुणे-मुंबईत क्रीडा व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम आहेत, आयआयएम रोहतकचाही आहे. खर्च निम्म्याहून कमी. तिचं म्हणणं असं, की ज्या देशात क्लबचा धंदा शंभर-सव्वाशे वर्षं चाललाय तिथं जाऊन तो बघायचा.

तिसरा जर्मनीचा. तिथल्या सरकारी विद्यापीठांत फी बहुतेक ठिकाणी नाहीच. तेव्हाच्या नियमाने वर्षाच्या खर्चाचे ११,२०८ युरो ब्लॉक्ड खात्यात दाखवावे लागत, शिवाय भारतीय विद्यार्थ्यांना शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं एपीएस प्रमाणपत्र लागतं. पण तिला हवे होते त्यातले बरेच अभ्यासक्रम जर्मनमधून होते. भाषेला वर्ष-दीड वर्ष द्यावं लागलं असतं. "तेवढ्यात लग्न लावून देतील," ती म्हणाली. आम्ही तो पर्याय एका संध्याकाळी मोडीत काढला. फार घाईने काढला.

चौथा, इंग्लंडमधली एक वर्षाची मास्टर्स. इथं शिष्यवृत्तीची आशा होती. राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्यांपैकी तिला जी लागू होत होती, तिची अट अशी, की विद्यापीठ क्यूएस जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेत हवं. आता गंमत बघा, क्यूएसच्याच क्रीडा विषयाच्या यादीत जगात पहिलं असलेलं लफबरो विद्यापीठ एकूण क्रमवारीत दोनशेच्या किंचित बाहेर आहे. अट विषयाची क्रमवारी बघत नाही. पहिल्या दोनशेतल्या ज्या विद्यापीठांत हा विषय होता, तिथं तिच्या बी.कॉम.च्या टक्क्यांवर प्रवेश मिळाला नाही. शिष्यवृत्तीचं दार तिथंच बंद झालं. अशी अट खेळासारख्या विषयांसाठी बदलायला हवी, हे मी जिथं जागा मिळेल तिथं सांगत असतो.

उत्तर इंग्लंडमधल्या एका मध्यम दर्जाच्या विद्यापीठाने प्रवेश दिला. फी १६,५०० पौंड, त्यातले २,००० सवलतीचे. व्हिसासाठी नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च दाखवावा लागतो. लंडनबाहेर तो तेव्हा महिना १,०२३ पौंड, म्हणजे ९,२०७ होता. त्या वेळच्या साधारण १०५ रुपयांच्या भावाने दोन्ही मिळून पंचवीस लाखांच्या घरात गेलं. वर तिकीट, व्हिसा आणि व्हिसासोबत भरायचा तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा अधिभार.

पहिला निर्णय: तारण कोणाचं

बँकेच्या शाखेत आम्ही तिघं गेलो, ती, अण्णा आणि मी. अण्णांनी सातबारा घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत आणला होता. अधिकारी चांगले होते, त्यांनी बसवून समजावलं. साडेसात लाखांच्या वर कर्ज असेल तर मालमत्तेचं तारण लागतं, आणि शेतजमीन चालत नाही. बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमीन त्या कायद्यातून वगळली आहे. कर्ज थकलं तर बँकेला ती त्याखाली जप्त करून विकता येत नाही, म्हणून शैक्षणिक कर्जाला बँका ती घेत नाहीत. कायदा शेतकऱ्याच्या रक्षणासाठीच आहे. पण त्या दिवशी अण्णांना एवढंच कळलं, की पाच एकरांची किंमत शून्य झाली. गावातलं घर गावठाणात, ग्रामपंचायतीचा नमुना आठ सोडला तर कागद नाही. स्वामित्व योजनेतलं मालमत्ता पत्रक गावाला तोवर मिळालेलं नव्हतं.

एका बिगर-बँक वित्त कंपनीने विनातारण कर्जाची तयारी दाखवली, साडेतेरा टक्क्यांनी. बँकेचा दर साडेदहा.

मग मामा पुढे आले. लातूरच्या हद्दीलगत त्यांचा बाराशे फुटांचा एनए प्लॉट होता. मामांची मुलगी तेव्हा अकरावीत, नीटची तयारी करत होती. प्लॉट तिच्यासाठी ठेवलेला. उद्या खाजगी मेडिकलला पैसे भरावे लागले तर विकायचा, असं मामा-मामींनी ठरवलेलं. लातूरमध्ये निम्म्या शिक्षकांच्या घरात असा एखादा प्लॉट असतो आणि त्याच्यावर लेकराचं नाव मनातल्या मनात लिहिलेलं असतं.

मामी जे बोलल्या ते मी इथं लिहितो, कारण त्या चूक नव्हत्या. "भाची माझीबी लेकच आहे. पण दोन लेकी आणि एक प्लॉट, हा हिशेब कोणी मला समजावून सांगा." त्या खोलीत कोणाकडेच उत्तर नव्हतं. मी म्हणालो, "दोन वर्षांत ती फेडायला लागेल." हे मी कशाच्या आधारावर म्हणालो? परदेशी प्रवेश करून देणाऱ्या एजंटने दिलेल्या कागदाच्या.

वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट झाला, मूल्यांकन झालं, मूळ खरेदीखत बँकेत जमा झालं. वीस लाख मंजूर झाले. वरचे पाच-सहा लाख सोयाबीन, आईच्या पाटल्या आणि पतसंस्थेतली ठेव यांतून उभे राहिले. ठेव मोडून राष्ट्रीयीकृत बँकेत आणायची आणि तिथं सलग अठ्ठावीस दिवस हलू द्यायची नाही, कारण व्हिसाला स्वतःचा पैसा तसाच दाखवावा लागतो. कर्जमंजुरीच्या पत्राला ही अट नाही. हे आधी कळलं असतं तर ठेव मे महिन्यातच काढली असती. जूनचा सगळा महिना पतसंस्थेच्या चकरा मारण्यात गेला.

दुसरा निर्णय: चुकीच्या हिशेबावर पुढं जायचं का

एजंटच्या कागदावर एक ओळ होती: "अर्धवेळ कोचिंग, महिना ६०० पौंड." खेळाडू आहेस, तिथं शाळांत, क्लबात प्रशिक्षक म्हणून सहज काम मिळेल, असं त्याने सांगितलेलं. मलाही ते पटलं. खेळाडूने खेळावर कमवावं, यात चुकीचं काय वाटणार?

जुलैत तीन हजार पौंड अनामत भरून झाल्यावर तिने व्हिसाच्या अटी स्वतः वाचायला घेतल्या आणि मला रात्री अकराला फोन केला. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करता येत नाही, आणि त्यात प्रशिक्षकही येतो. विद्यापीठाच्या क्लबात हौसेने खेळायला हरकत नाही, पण पैसे घेऊन शिकवता येत नाही. दुसरी अट, सत्रात आठवड्याला वीस तासांच्या वर काम नाही. आणि मास्टर्सच्या विद्यार्थ्याचा उन्हाळा प्रबंधाचा असतो, त्यामुळे तो सुट्टीत धरला जात नाही, तिथंही वीस तासच. एजंटने उन्हाळ्याचे तीन महिने पूर्णवेळ पगार धरला होता.

हिशेबाचे दोन्ही खांब एका रात्रीत पडले. तिथल्या किमान वेतनाने, तासाला १०.४२ पौंड, वीस तासांचे आठवड्याला २०८ पौंड होतात. तेही दर आठवड्याला काम मिळालं तर.

या ठिकाणी थांबता आलं असतं. प्रवेश एक वर्ष पुढं ढकलायची सोय विद्यापीठाने दिली होती. तिने तसं विचारलंही. मी म्हणालो, "आता माघार घेतली तर परत कोणी सोडणार नाही." लग्नाची बोलणी डोळ्यांसमोर होती. भीतीपोटी दिलेला सल्ला होता तो.

तिथे गेल्यावर

सप्टेंबर २०२३ मध्ये ती गेली. पहिले दोन महिने भाषेपेक्षा लिहिण्याच्या पद्धतीने छळलं. आपल्याकडे पाठ करून लिहितात. तिथं प्रत्येक वाक्याचा आधार द्यायचा, आणि प्राध्यापकाशी असहमत असलं तरी चालतं. पहिल्या निबंधात ४८ गुण मिळाले, उत्तीर्णतेला पन्नास लागत होते.

नोव्हेंबरमध्ये एव्हर्टन फुटबॉल क्लबचे दहा गुण कापले गेले. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या नियमाने क्लबला तीन वर्षांत जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंड तोटा चालायचा. त्यांचा तोटा १२.४५ कोटींवर गेला होता. पुढं अपिलात शिक्षा सहा गुणांवर आली. वर्गात तीन आठवडे हेच चाललं. तिने मला फोनवर विचारलं, "सर, जमाखर्चाच्या वहीवरून गुण कापतात, पटतं का? आणि आपल्याकडं जिल्हा संघटनेचा जमाखर्च कोणी कधी बघितला?" बी.कॉम. केलेल्या पोरीला आपली जागा सापडली होती.

शनिवारी ती एका फुटबॉल मैदानावर खाण्याच्या काउंटरवर उभी राहायची. एका प्रेक्षकामागे किती विक्री झाली, मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत रांग कशी हलवायची, कोणत्या फाटकाशी कोणता माल ठेवायचा, हे तिने तिथं शिकून घेतलं. मला ते वर्गातल्या शिक्षणाइतकंच मोलाचं वाटतं.

प्रबंधाचा विषय तिने बालेवाडीहून परतताना एसटीत विचारलेला प्रश्नच घेतला: प्रक्षेपणाचं उत्पन्न नसलेल्या खेळात मुलींची लीग कशावर उभी राहील. धाराशिव-सोलापूरकडच्या दहा माजी खेळाडूंच्या मुलाखती फोनवर घेतल्या. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी लागते, म्हणून संमतिपत्र मराठीत करून सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. त्यातली एक ऊसतोडीला गेलेली होती, तिची सही पंधरा दिवसांनी आली. प्रबंधाला चांगले गुण पडले.

तिसरा निर्णय: राहायचं की परतायचं

शिकत असतानाच नियम बदलले. डिसेंबर २०२३ मध्ये घोषणा झाली आणि एप्रिल २०२४ पासून, नोकरीवर तिथं राहायला लागणाऱ्या कुशल कामगार व्हिसाची वार्षिक पगाराची किमान मर्यादा २६,२०० वरून ३८,७०० पौंडांवर गेली. नुकत्याच पदवी घेतलेल्यांसाठी ती ३०,९६० होती. खेळाच्या क्षेत्रातल्या सुरुवातीच्या नोकऱ्यांच्या ज्या जाहिराती तिने पाहिल्या, त्यांत पगार २३ ते २६ हजार होता. म्हणजे चांगलं काम असूनही व्हिसासाठी प्रायोजक कंपनी मिळणार नाही, हे गणितातच आलं.

पदवीनंतर दोन वर्षं राहू देणारा ग्रॅज्युएट व्हिसा होता. त्याचं शुल्क ८२२ पौंड, आणि वर्षाला १,०३५ प्रमाणे दोन वर्षांचा आरोग्य अधिभार. एकूण २,८९२ पौंड, तीन लाखांच्या वर. ती गेली तेव्हा या व्हिसाचा हाच अधिभार वर्षाला ६२४ होता. त्या व्हिसावरही व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करता येत नाही. तिने साठवलेले पैसे घालून तो घेतला, एका कार्यक्रम-व्यवस्थापन कंपनीत काम धरलं आणि घरी थोडे थोडे पैसे पाठवू लागली.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. मुलींच्या संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० ने हरवलं. ती कामावरून परतताना बसमध्ये मोबाइलवर बघत होती. फेब्रुवारीत तिने सांगितलं, "मी इथं नुसता व्हिसा सांभाळत बसलेय. काम तिकडं चाललंय."

मामा म्हणाले, मुदत आहे तोवर पौंड कमव. मीही तेच म्हणालो. अण्णा एकटेच म्हणाले, "तिला यायचंय तर येऊ द्या." एप्रिल २०२५ मध्ये ती परतली. जुलैत तिथली पगाराची मर्यादा आणखी वाढून ४१,७०० झाली. तरीही आणखी वर्षभर राहून दोन-तीन लाख फेडता आले असते हे खरं आहे, आणि त्या वर्षात पुण्यातली आताची नोकरी मिळाली नसती हेही खरं आहे. दोघांपैकी कोण बरोबर होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

परिणाम

पुण्यात एका क्रीडा-आयोजन कंपनीत ती स्पर्धांचं नियोजन बघते. पगार ४२,०००. हप्ता २४,३०० च्या आसपास, मुदत पंधरा वर्षं. ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिला हप्ता आला. त्याच्या आधीच्याच महिन्यात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि अण्णांचं सोयाबीन शेंगांसकट पाण्यात गेलं. घरून मदत व्हायची ती उलट घरीच पाठवावी लागली. पहिले दोन हप्ते मामांनी भरले.

पुन्हा करायचं झालं तर

व्हिसाच्या अटी प्रवेशअर्जाच्या आधी वाचायच्या, आणि विद्यार्थ्यानेच वाचायच्या. आता माझ्याकडे कोणी एजंटचा कागद घेऊन आलं, तर मी अर्धवेळ कमाईची ओळ खोडतो आणि विचारतो, यात अजून जमतंय का?

प्रवेश एक वर्ष पुढं ढकलायला हवा होता. त्या वर्षात लीगच्या हंगामात आयोजनाचं काम करता आलं असतं, अनुभवाने तिथल्या पहिल्या सहा महिन्यांचा उपयोग दुप्पट झाला असता, जर्मनची पहिली पायरीही झाली असती. ओळखीपाळखी तिने फेब्रुवारीत सुरू केल्या. एक वर्षाच्या अभ्यासक्रमात फेब्रुवारी म्हणजे अर्धी पळती संपलेली असते.

आणि प्लॉट. तारण देण्यात चूक नव्हती. कागदावर काहीच ठरलं नाही, ही चूक होती: मामांच्या मुलीला पैसे लागले तर काय, हप्ता थकला तर कोणी भरायचा, प्लॉट किती वर्षांत सुटला पाहिजे. नात्यात लिहून घेणं वाईट दिसतं म्हणून आम्ही तोंडी निभावलं आणि त्याचा सगळा भार मामींनी न बोलता सोसला. मामांच्या मुलीला पहिल्या प्रयत्नात सरकारी जागा मिळाली नाही, ती पुन्हा परीक्षेला बसतेय. दुसरा हप्ता भरून झाल्यावर आमची ही खेळाडू लातूरला गेली, मामींसमोर वही ठेवली आणि मामांनी भरलेले दोन हप्ते कोणत्या महिन्यात परत येणार, त्याच्या तारखा स्वतः लिहून खाली सही केली. मामींनी वही उघडून वाचली, दोन ठिकाणी तारीख पुढची करून दिली आणि कपाटात ठेवली.